नागोराव सरांचा कांदा

चिंचणीच्या हायस्कुलात नागोराव सर अकरावीला पेशीविभाजन शिकवायला उभे राहिले की शेजारच्या वर्गातले मास्तरसुद्धा दारातून डोकावून जात. खडूचा एक फटकारा मारला की पेशीची भिंत तयार. आत केंद्रक. मग केंद्रकातली गुणसूत्रं जाड होऊन मधोमध रांगेत उभी राहत, प्रत्येकाचे उभे दोन भाग होत, एक भाग या टोकाला निघे, दुसरा त्या टोकाला. शेवटी मधे पडदा पडे आणि एका पेशीच्या दोन होत, दोघींच्या पोटात अगदी सारखा ऐवज. सर सांगत, "कांद्याच्या मुळात ही गुणसूत्रं सोळा असतात. पण सोळा काढत बसलो तर तास संपेल. आपण आपली चारच काढू." मुलं चार काढत आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेत.

ही गोष्ट सरांनी अठ्ठावीस वर्षं शिकवली आणि जन्मात एकदाही पाहिली नव्हती.

न पाहिलेलं शिकवण्यात पाप नाही. भूगोलाच्या मास्तरांनी कुठे उत्तर ध्रुव पाहिलेला असतो? पण नागोरावांची गोष्ट थोडी वेगळी होती. नागपूरच्या कॉलेजात असताना त्यांना पाहायची संधी मिळाली होती. चाळीस मुलं, एक सूक्ष्मदर्शक, आणि बाजूला हातात घड्याळ घेऊन उभे असलेले खडूस प्राध्यापक. प्रत्येकाला दहा सेकंद. नागोरावांनी डोळा लावला तर त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या, काळ्याभोर, झाडूच्या काड्यांसारख्या. "दिसलं?" प्राध्यापकांनी विचारलं. मागे वीस मुलं ताटकळत होती. नागोराव म्हणाले, "दिसलं, सर." मग शेजाऱ्याच्या वहीतून आकृती उतरवली आणि तिला दहापैकी नऊ गुण मिळाले.

ते नऊ गुण त्यांना पुढे जन्मभर खुपले. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मात्र तेव्हापासून एकच इच्छा मनात धरून बसले होते, की मरायच्या आधी एकदा ते डोळ्यांनी पाहायचं. पेशी दुभंगताना पाहायची. माणसं काशीला जायची इच्छा धरतात, यांनी ही धरली.

आता वय सत्तावन्न. मे महिन्यात, म्हणजे अडुसष्ट साली, निवृत्ती. दहा वर्षांपूर्वी वऱ्हाडातून नोकरीसाठी दर्याकाठी आलेला हा माणूस इथेच रुळला होता. शाळेला सूक्ष्मदर्शक मिळावा म्हणून त्यांनी संस्थेला इतके अर्ज केले की कारकून त्यांना पाहूनच मान हलवायचा. आणि त्यात डोळ्यांनी दगा दिला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यातही सुरुवात. पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "अजून पिकला नाही. पिकल्याशिवाय हात लावता येणार नाही. उन्हाळ्यानंतर या." शाळेत कळलं तर निवृत्तीआधीच घरी बसवतील, म्हणून सर गप्प होते. घरी बायकोला, साखरबाईंना, कळलं होतं, पण त्याही गप्प होत्या. फक्त ताटात वाढताना त्या हल्ली मीठ उजवीकडे, लोणचं डावीकडे, असं ठरल्या जागीच वाढत. सरांना वाटायचं की आपलं गुपित छान राखलं गेलंय.

सदुसष्टच्या दिवाळीनंतरच्या शनिवारी पुंडलिक आला. पुंडलिक गावचाच, सरांचा जुना विद्यार्थी, आता मुंबईला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. बोईसर स्टेशनावर उतरून एसटीने आला तो एक लाकडी पेटी मांडीवर सांभाळत. पेटी उघडली तेव्हा आत पितळी नळीचा सूक्ष्मदर्शक होता.

"सर, सुट्टी आहे म्हणून आणला," पुंडलिक म्हणाला. "पुढच्या रविवारी सकाळी न्यायला येईन. सोमवारी कॉलेज उघडतं. रंगाची बाटलीही आणलीय. मुळं मात्र सकाळी आठ-नऊला कापा, तेव्हा विभाजन जोरात असतं."

सरांनी पेटीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. पुंडलिक चहा पिऊन गेला तरी ते तसेच बसले होते.

प्रयोग तसा सोपा आहे. कांदा पाण्याने भरलेल्या ग्लासावर असा ठेवायचा की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. त्या मुळांच्या टोकालाच पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून तर मूळ वाढतं. नागोरावांनी स्वयंपाकघरातल्या शिंक्यातून चार चांगले कांदे काढले, चार ग्लास खिडकीत मांडले आणि दिवसातून दहा वेळा जाऊन बोटाने बूड चाचपू लागले. साखरबाई पाहत होत्या. नवरा कांद्यांना पाणी का पाजतो हे त्यांनी विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी याहून विचित्र गोष्टी पाहिल्या होत्या. एकदा तर न्हाणीघरात बेडूक पाळले होते.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी दुपारपर्यंत एकाही कांद्याला केसाएवढं मूळ नाही.

"अवो, काय पाहून राह्यले सारखे?" शेवटी साखरबाईंनी विचारलं.

"मुळं," सर चिडून म्हणाले. घरात त्यांची भाषा आपोआप वऱ्हाडावर जायची. "मुळं काऊन फुटत नाई या कांद्याले?"

साखरबाईंनी कपाळावर हात मारला. "फुटतीन कशी? म्या बुडखे भाजले त्याचे."

झालं होतं असं. वऱ्हाडात कांदा वर्षभर कोरडा ठणठणीत राहतो. दर्याकाठच्या दमट हवेत तो पंधरा दिवसांत फुटायचा, सडायचा. पहिल्या वर्षी अर्धं पोतं फुकट गेलं तेव्हा साखरबाईंनी युक्ती काढली. कांदे आणले की प्रत्येकाचं बूड निखाऱ्यावर चरचर भाजायचं आणि मग चुलीवरच्या शिंक्यात धुरात टांगायचे. पुन्हा मूळ फुटायची बिशाद नाही. नऊ वर्षं सर हेच कांदे चवीने खात होते आणि जीवशास्त्र शिकवत होते.

"मले सांगाचं नाई का आधी, मुळं पाह्यजे म्हून?" साखरबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. सरांना रागवावंसं वाटत होतं, पण रागवायचं कुणावर? तीन दिवस पाण्यात गेले होते.

त्याच पावली ते एसटीने बोईसरला गेले. बाजारात मासवण गावची बायडी भाजी घेऊन बसायची. सरांनी तिच्या टोपलीतला एकेक कांदा उचलून बूड बोटाने तपासलं.

"ह्यो नका घेऊ, सर," बायडी म्हणाली. "ओसरीवर पसरलेला हाय, बुडाला मुळं फुटतात त्याला. कोनी घेत नाय."

"मला तोच पाहिजे."

बायडीने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मग शेजारणीकडे पाहिलं. पण तिने कांदे दिले आणि वर एक मिरचीही टाकली.

बुधवारी बुडाशी पांढरे ठिपके आले. गुरुवारी संध्याकाळी मुळं पेराएवढी झाली. शुक्रवारी सकाळी साडेआठला नागोरावांनी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, ब्लेडने मुळांची टोकं कापली आणि स्पिरिट व ॲसेटिक आम्लाच्या बाटलीत टाकली. कापल्या क्षणी जी पेशी ज्या अवस्थेत असेल, ती त्याच अवस्थेत थांबते. गुणसूत्रं रांगेत असतील तर रांगेत, निघाली असतील तर वाटेत. ही गोष्ट ते वर्गात फार सहज सांगत. आज मात्र बाटलीला बूच लावल्यावर त्यांनी ते दोनदा दाबून पाहिलं.

शनिवारी जेवण उरकून ते खिडकीशी बसले. उद्या सकाळी पुंडलिक येणार होता. आजची दुपार तेवढी हातात होती. मुळाचं टोक तांबड्या रंगात घालून स्पिरिटच्या दिव्यावर हलकेच गरम केलं, काचपट्टीवर ठेवलं, वर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. काच सरकू द्यायची नाही, नाहीतर पेशी गुंडाळल्या जातात. हे सगळं बोटांचं काम होतं आणि बोटं अजून शाबूत होती. पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली, आरसा आभाळाकडे वळवला आणि डावा डोळा लावला.

धुकं. धुक्यात कुठेतरी तांबूसपणा, पानाची पिंक धुतल्यावर फरशीवर उरतो तेवढा. त्यांनी स्क्रू फिरवला, पुन्हा फिरवला. उजवा डोळा लावला, तो तर नुसता पांढरा. चष्मा काढला, घातला, भिंग पुसलं, डोळे धुऊन आले. रस्त्यावरून तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामाकडे ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी टेबल थरथरायचं, आणि सर तो ट्रक जाईपर्यंत श्वास रोखून बसायचे, जणू सगळा दोष ट्रकचाच. असा एक तास गेला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि काही करायचं सोडलं.

साखरबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या कुणास ठाऊक.

"इकडे ये," सर म्हणाले. "तू पाहा."

"म्या? मले काय समजते त्यातलं?"

"समजू नोको. पाहा फक्त."

साखरबाई पदराने हात पुसून बसल्या. त्यांनी डोळा लावला आणि लगेच मागे सरल्या. "काई नाई. केसंच केसं दिसते."

बाईला पापण्या दिसल्या होत्या आणि तिने पापण्याच सांगितल्या. "अशी थोडी मांगं हो," सर म्हणाले. "डोया टेकवू नोको. आता हा स्क्रू फिरव, हळूहळू."

मग कधी "पांढरं", कधी "काळं", कधी "गेलं" असं करत करत एकदम साखरबाई म्हणाल्या, "अगं माय. विटाच विटा हायेत. भिंत हाये नुसती."

"त्याच पेशी! आत काय हाये?"

"एकेक गोल टिकली. तांबडी."

"टिकली नसन अशी वीट पाह्यजे. टिकलीच्या ठिकाणी दोरे पाह्यजे. पट्टी सरकव."

पट्टी डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे जातं. साखरबाईंनी त्यावरून सूक्ष्मदर्शकाला दोन-चार शब्द सुनावले. पण हात बसला. दळताना, निवडताना, सुईत दोरा ओवताना मुरलेला तो हात होता. त्या पट्टी सरकवत राहिल्या आणि सर शेजारी बसून दर थोड्या वेळाने विचारत राहिले, "दिसलं?" "नाई." "आता?" "नाई अजून." विचारताना त्यांचा आवाज बारीक बारीक होत चालला होता, शेवटी तर लहान पोरासारखा झाला.

आणि मग साखरबाई म्हणाल्या, "दिसलं."

सर ताठ झाले. "सांग. सगळं सांग."

"मधून फुटलं हाये. इकडे चार, तिकडे चार. सारखे. अगदी एकासारखा एक."

साखरबाईंनी डोळा भिंगावरून काढला नव्हता. टेबलाच्या कोपऱ्यात सरांची शिकवायची वही उघडी पडली होती आणि तिच्यात, नेहमीसारखीच रेखीव, चार-चारची आकृती होती.

नागोरावांना आधी राग आला. मग तो राग कुठल्या कुठे गेला. आपल्या मनात हे किती खोल रुतलंय ते या बाईला कधी सांगितलं नाही, आणि तरी तिने ओळखलं. म्हाताऱ्याची तगमग बघवेना, म्हणून त्याच्याच वहीतली आकृती उचलून त्याच्या ओंजळीत घातली. दुसरा कुणी असता तर खूश होऊन उठला असता. पण हेच 'दिसलं' त्यांनी स्वतः एकदा उच्चारलं होतं. त्याची चव त्यांच्याइतकी कुणाला माहीत नव्हती.

"कांद्यात सोळा असतात," ते हळूच म्हणाले. "इकडे सोळा, तिकडे सोळा. चार म्या सोयीसाठी काढतो."

साखरबाईंनी मान वर केली. चेहरा उतरला होता. "तुमचा जीव खालीवर होऊन राह्यला होता," त्या म्हणाल्या. "मले पाहवलं नाई."

"मलेही दिसलं नव्हतं," सर म्हणाले. मग सांगून टाकलं. नागपूर, चाळीस मुलं, दहा सेकंद, पापण्या, नऊ गुण. पस्तीस वर्षांत न सांगितलेलं पाच मिनिटांत सांगून झालं. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. ऐकून घेतल्यावर साखरबाई उठल्या, माठातलं पाणी डोळ्यांवर मारलं, पदराने चेहरा खसखसून पुसला आणि परत येऊन स्टुलावर बसल्या.

"आता दिसलं तरच सांगीन," त्या म्हणाल्या. "नाई दिसलं तर नाई म्हणीन. मंग रडसान तरी चालन."

आता त्या घाईत नव्हत्या. एका कडेपासून सुरुवात करून रांगेने पाहत चालल्या, तांदूळ निवडावेत तशा. ट्रक आला की थांबायच्या, गेला की पुढे. सरांनी विचारायचं बंद केलं होतं. ऊन अंगणातून सरकत कुंपणाच्या शेवग्यापर्यंत गेलं. आरसा त्यांनी दोनदा वळवून दिला, तेवढंच.

"थांबा," साखरबाई म्हणाल्या, आणि पट्टीवरून हात उचलून मांडीवर घेतला, जणू स्पर्शाने ते उडून जाईल.

सर पुढे झुकले.

"एक वीट हाये. टिकली नाई तिच्यात. दोन झुबके हायेत, एक वर अन् एक खाली. मोजता येत नाई, सगळा गुंता हाये. आठाच्या वर हायेत, सोळा म्हणता येत नाई मले. वाकले हायेत सारे. मधातून वाकून पुढे चालले अन् शेपट्या मांगं लोंबून राह्यल्या."

नागोरावांनी खिशातून खडू काढला. वहीवरची बारीक रेघ त्यांना आता दिसत नव्हती, म्हणून ते खाली बसले आणि सारवलेल्या जमिनीवर हातभर मोठी पेशी काढू लागले. वाकलेली, शेपट्या मागे सोडलेली गुणसूत्रं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती सरळ, तालमीतल्या पोरांसारखी ताठ काढली होती. साखरबाई उठून यायच्या, जमिनीकडे पाहायच्या, "असं नाई, हे बाहेरच्या अंगाला," म्हणायच्या आणि परत भिंगाशी जायच्या. सर तळहाताने पुसून पुन्हा काढायचे.

"आणिक एक हाये," साखरबाई म्हणाल्या. "तुमच्या वहीत नाई ते. एक मधातच राह्यलं. सगळे गेले, हे एकलंच मधात आडवं पडलं हाये."

सरांचा खडू थांबला. असं कधीमधी राहतं, हे त्यांनी एका पुस्तकाच्या तळटीपेत वाचलं होतं, फार पूर्वी, आणि कुणाला शिकवलं नव्हतं. साखरबाईंना ते कुठल्या वहीतून मिळणं शक्यच नव्हतं. म्हणजे बाईला दिसत होतं. या क्षणी, त्यांच्यापासून दोन हातांवर, खरंच दिसत होतं.

"कोणत्या बाजूले जाईन ते?" साखरबाईंनी विचारलं.

"आता नाई जात," सर म्हणाले. "काल सकाळी म्या मूळ कापलं तेव्हा ते वाटेत होतं. तिथंच राह्यलं."

साखरबाईंनी स्क्रू केसभर फिरवला आणि पाहत राहिल्या. सरांनी ते एकलं गुणसूत्र जमिनीवर काढलं. मग हात खडूने माखलेला तसाच ठेवून बायकोच्या पाठीकडे बघत बसले. पाठसुद्धा त्यांना धूसरच दिसत होती. इतका आनंद आणि इतकं वाईट एकाच वेळी त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"कसं हाये गं?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. "म्हंजे, पाह्याले कसं हाये?"

थोड्या वेळापूर्वी याच बाईने त्यांचं मन राखायला चार-चार मोजले होते. आताही मन राखणारं दोन शब्दांचं काहीतरी सांगता आलं असतं. विशेष काही नाही, लाल दोरे आहेत झालं, असं म्हणता आलं असतं.

"तुमीच पाह्याले पाह्यजे होतं," साखरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला.

"हाव," नागोराव म्हणाले. "म्याच पाह्याले पाह्यजे होतं."

साखरबाई उठू लागल्या, बहुधा डोळे पुसायला. सरांनी पुढे होऊन चाचपत त्यांच्या खांद्यावर खडूचा हात ठेवला आणि त्यांना परत खाली बसवलं. "उठू नोको," ते म्हणाले. "उजेड हाये तवरक पाहून घे."